गोणी, बाटली आणि वेगाचा वाद

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20 किलो 700 ग्रॅम नत्र असतं. 2021मध्ये नॅनो युरियाची जी पहिली अर्ध्या लिटरची बाटली बाजारात आली, तिच्यात होतं 20 ग्रॅम. ही बाटली त्या गोणीची जागा घेईल असं सांगितलं गेलं, आणि परभणी जिल्ह्याच्या गावागावांत नॅनोतंत्रज्ञान पोचलं ते या दाव्याच्या रूपानं, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून. पेरणीच्या धांदलीत युरिया किंवा डीएपी मागायला गेलेल्या कित्येकांना सोबत ही बाटलीही घ्यावी लागली. एका मोठ्या शास्त्राची त्यांना झालेली पहिली ओळख ‘लिंकिंग’ या नावाची होती.

प्रस्तुत संग्रह त्या बाटलीपासून सुरू होतो, पण तिच्यापुरता नाही. नॅनोतंत्रज्ञान समाज किती वेगानं बदलून टाकेल, याबद्दल जगात चाळीस वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, एका पिढीत सगळं उलटंपालटं होईल. दुसरी म्हणते, यातलं बरंचसं कधीच होणार नाही आणि जे होईल ते हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता होईल. या वादात आपल्यासारख्या जिल्ह्याचं नाव आलं तर ते लाभार्थ्यांच्या यादीत येतं. प्रश्न विचारणाऱ्यांच्या यादीत येत नाही. इथले लेखक (त्यांत मृदाशास्त्रज्ञ आहेत, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आहेत, कृषी सहायक आहेत आणि स्वतःच्या शेतात फवारा मारून पाहिलेले शेतकरी आहेत) ते प्रश्न विचारतात.

प्रश्न समजण्यासाठी आधी मोजमाप. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर भरते. 1 ते 100 नॅनोमीटरच्या टप्प्यात पदार्थाचे गुण बदलतात: सोनं लाल दिसू लागतं, चांदीचे कण जिवाणू मारतात, कार्बनची नळी पोलादाहून ताकदवान होते. कारण दोन आहेत. कण जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानानं पृष्ठभाग मोठा, आणि रासायनिक व्यवहार पृष्ठभागावरच होतात. दुसरं कारण पुंजभौतिकीचं, त्याबद्दल आतल्या लेखात सविस्तर आहे.

पहिल्या कारणाचं उदाहरण परभणीच्या माणसाच्या पायाखालीच आहे. आपली काळी माती ज्या चिकणमातीची बनली आहे, तिचा एकेक थर सुमारे 1 नॅनोमीटर जाडीचा असतो. असे थर एकावर एक रचलेले असतात आणि मध्ये पाणी शिरलं की ते फाकतात. म्हणून मृगाच्या पावसात वावरात पाय रुततो आणि एप्रिलमध्ये त्याच वावराला हात घालता येईल अशा भेगा पडतात. या चिकणमातीच्या फक्त 1 ग्रॅममध्ये 700 ते 800 चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. ओलावा धरून ठेवणं, अन्नद्रव्यं धरून ठेवणं आणि कधी कधी ती इतकी घट्ट धरणं की मुळांना मिळूच नयेत, हे सगळं त्या पृष्ठभागाचं काम. पूर्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यातली रब्बी ज्वारी शतकानुशतकं या कणांच्या भरवशावर उभी राहिली आहे. नॅनो म्हटलं की काहीतरी परकं, काचेच्या खोलीतलं डोळ्यांसमोर येतं. त्याला माझा आक्षेप इथून सुरू होतो. निसर्गाला या मापाची सवय आहे. नवं आहे ते माणसानं त्या मापावर हेतुपुरस्सर काम करणं, आणि ते विकणं.

हेतुपुरस्सर काम करण्याची कल्पना बहुतेक जण 29 डिसेंबर 1959 या तारखेशी जोडतात. रिचर्ड फाइनमन यांनी त्या दिवशी कॅलिफोर्नियात दिलेल्या व्याख्यानात अणू एकेक करून हव्या त्या जागी मांडता येतील का, असं विचारलं. नॅनोतंत्रज्ञान हे नाव त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1974मध्ये, जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी वापरलं. पण हातात साधन येईपर्यंत या गोष्टी बोलण्यापुरत्याच होत्या. ते साधन 1981मध्ये झ्युरिकला आलं: बिनिग आणि रोरर यांचा सूक्ष्मदर्शक, ज्याच्या टोकानं पृष्ठभागावरचा एकेक अणू चाचपता येतो. 1989मध्ये आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी त्याच साधनानं झेनॉनचे 35 अणू ढकलून कंपनीची तीन अक्षरं लिहिली. मधल्या काळात, 1985मध्ये, कार्बनच्या 60 अणूंचा चेंडू सापडला होता; 1991मध्ये कार्बनच्या नळ्यांचा अभ्यास गाजला, 2004मध्ये ग्राफीन वेगळं करता आलं. शोधांचा हा क्रम वाचताना छाती दडपते. वेगाबद्दलच्या पहिल्या भविष्यवाण्या याच काळात झाल्या, हे विसरू नये.

त्यातली सर्वांत धाडसी एरिक ड्रेक्सलर यांची. 1986च्या ‘इंजिन्स ऑफ क्रिएशन’ या पुस्तकात त्यांनी अणू जोडून वस्तू घडवणाऱ्या रेणूएवढ्या यंत्रांचं चित्र रंगवलं. तशी यंत्रं झाली तर कारखाना, शेत, दवाखाना या सगळ्यांचा अर्थच बदलेल; आणि ती स्वतःच्या प्रती काढू लागली तर जीवसृष्टी गिळून टाकतील, अशी भीतीही त्यांनीच मांडली. वेगवाद्यांचा संप्रदाय इथून सुरू होतो. 2000 साली संगणकतज्ज्ञ बिल जॉय यांनी याच भीतीपोटी काही संशोधन थांबवावं असं लिहिलं, तेव्हा ते ड्रेक्सलर यांच्या आशेशी भांडत नव्हते, त्यांच्याच वेगावर विश्वास ठेवत होते.

विरोध केला तो रसायनशास्त्रज्ञांनी. कार्बनच्या त्या चेंडूसाठी नोबेल मिळालेले रिचर्ड स्मॉली यांनी 2001मध्ये आणि मग 2003च्या जाहीर पत्रव्यवहारात ड्रेक्सलर यांना साधं विचारलं: अणू उचलणारा तुमचा हात अणूंचाच बनलेला असणार ना? मग तो पुरेसा बारीक होणार कसा, आणि उचललेला अणू त्याला चिकटून बसला तर सुटणार कसा? ड्रेक्सलर यांचं उत्तर असं, की आपल्या पेशीत प्रथिनं जुळवणारी यंत्रणा हेच काम रोज करते. त्यावर स्मॉलींचं प्रत्युत्तर, की ती पाण्यात, रसायनशास्त्राच्या नियमांनी चालते, तुमच्या यंत्रासारखी नव्हे. दोघांचं मत जुळलं नाही. स्मॉली 2005मध्ये गेले. त्यांनी विचारलेले प्रश्न मला अजूनही जड वाटतात, आणि भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड जोन्स यांनी ‘सॉफ्ट मशिन्स’मध्ये सुचवलेली तिसरी वाट, म्हणजे जीवसृष्टीची ओलसर, लवचीक पद्धत शिकून घेणं, सर्वांत फलदायी वाटते.

चौथा गट सावधगिरीवाल्यांचा. लंडनच्या रॉयल सोसायटीनं आणि तिथल्या अभियांत्रिकी अकादमीनं जुलै 2004मध्ये दिलेला अहवाल त्यांचा आधारग्रंथ आहे. स्वतःच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांची चिंता बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, आज बनणारे मोकळे कण कामगाराच्या फुप्फुसात, नदीत, मातीत गेले तर काय? या प्रश्नात नाट्य नाही, म्हणून तो मागे पडला. सरकारं तोवर आकडे ऐकत होती: अमेरिकेत 2000 साली राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला, आणि 2015पर्यंत नॅनोचा बाजार 1 लाख कोटी डॉलरचा होईल असं भाकीत तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातून निघालं. टायरमधली काजळीसुद्धा नॅनो कणांचीच असते. ती हिशेबात धरायची की नाही यावर असा आकडा कितीही फुगतो.

भारतानं 2001मध्ये छोटा कार्यक्रम आणि 2007मध्ये 1000 कोटींचं नॅनो मिशन सुरू केलं. आपल्याकडे वादाचा सूर वेगळा लागला. रेणूएवढ्या यंत्रांची चर्चा इथं फारशी झाली नाही. पाणी, औषध आणि शेती यांत हे कण काय करतील, एवढंच विचारलं गेलं. मद्रास आयआयटीत टी. प्रदीप यांनी पाण्यातली कीटकनाशकं आणि आर्सेनिक काढणारे पदार्थ तयार केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीकडून धातूंचे नॅनो कण करवून घेतले. भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे कण बसवलेला टाटा स्वच्छ हा फिल्टर डिसेंबर 2009मध्ये 749 रुपयांपासून मिळू लागला. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं 2015मध्ये सरकीवरच्या तंतूंपासून नॅनो सेल्युलोज बनवणारा प्रायोगिक कारखाना उभा केला. मानवत आणि सेलूच्या जिनिंगवाल्यांनी त्याची माहिती घ्यावी असं मला मनापासून वाटतं. कापसाचा भाव रुईवर ठरतो. सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंना किंमत आली तर ती इथंच राहिली पाहिजे.

आता वेगाकडे येतो. परभणीनं गेल्या साठ वर्षांत शेतीत येणाऱ्या नव्या गोष्टींचा वेग दोनदा जवळून पाहिला आहे. 1964 साली सीएसएच-1 हे ज्वारीचं देशातलं पहिलं संकरित वाण आलं आणि पुढे ‘हायब्रीड’ हा शब्द घराघरांत गेला, त्याला दशकं लागली. भाकरीच्या चवीवरून तक्रारी झाल्या, कणसावर बुरशी आली, विद्यापीठाला नवी वाणं काढावी लागली. 1972मध्ये परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, त्यानंतरच्या त्याच्या कामात ज्वारीला मोठी जागा राहिली ती यामुळेच. दुसरा अनुभव बीटी कापसाचा. मार्च 2002मध्ये परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्र त्याखाली गेलं. हा खराखुरा वेग होता, आणि त्यामागं कारणही खरं होतं: बोंडअळीवरची फवारणी वाचत होती, शेतकऱ्याला ते डोळ्यांनी दिसत होतं. पण गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती तयार झाली आणि 2017च्या हंगामात मराठवाड्यानं, विदर्भानं त्याची किंमत मोजली. तंत्रज्ञान पसरण्याचा वेग आणि त्याचे परिणाम कळण्याचा वेग यांत पंधरा वर्षांचं अंतर होतं.

नॅनो खतांनी या अंतराचा प्रश्न आणखी तीव्र केला. क्रम पाहा. फेब्रुवारी 2021मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली नॅनो युरियाला तीन वर्षांसाठी मान्यता मिळाली. 31 मे 2021ला इफ्को या सहकारी खत संस्थेनं तो जाहीर केला. 28 मे 2022ला गुजरातेतल्या कलोलच्या कारखान्याचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. एप्रिल 2023मध्ये नॅनो डीएपी आला. दोन वर्षांत दोन खतं, देशभर. मधेच ऑक्टोबर 2021मध्ये, रासायनिक खतांवर बंदी घालून अडचणीत आलेल्या श्रीलंकेला हे द्रवरूप नत्र विमानानं पाठवण्यात आलं. कारखाना आणि विक्री यांच्या दृष्टीनं हा वेग वाखाणण्याजोगा आहे.

पडताळणीचं काय? इफ्कोचा दावा असा, की 20 ते 50 नॅनोमीटरचे कण पानाच्या छिद्रांतून आत जातात, त्यामुळे नत्र वाया जात नाही. 94 पिकांवर, 11 हजार शेतांत चाचण्या झाल्या आणि उत्पादन सरासरी 8 टक्के वाढलं, असंही इफ्को सांगते. दुसऱ्या बाजूला लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं भात आणि गव्हावर प्रयोग केले. जमिनीतून द्यायच्या नत्राचा काही भाग कापून त्याजागी नॅनो युरियाच्या फवारण्या घेतल्या, तेव्हा गव्हाचं उत्पादन 21.6 टक्क्यांनी आणि भाताचं 13 टक्क्यांनी घटलं. दाण्यातलं प्रथिनही कमी झालं. 2023मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी या दाव्यांच्या शास्त्रीय पायावरच जाहीर प्रश्न उभे केले.

आपण साधा हिशेब करू. गोणीतल्या 20.7 किलो नत्रापैकी पिकाला एकतृतीयांशच मिळतं असं धरा, बाकीचं उडून किंवा वाहून गेलं. तरी जवळपास 7 किलो उरतं. बाटलीतलं सगळंच्या सगळं पानात शिरलं तरी 20 ग्रॅम. साडेतीनशे पटींचं हे अंतर कणाच्या आकारानं भरून निघत नाही. पिकाला प्रथिन बांधायला नत्राचे अणू लागतात आणि ते कुठून तरी यावे लागतात. पुढे जास्त तीव्रतेचा, 20 टक्के नत्राचा द्रव आला; त्याच्याही अर्ध्या लिटरमध्ये 100 ग्रॅमच. डीएपीचं तसंच आहे. 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद, नॅनो डीएपीच्या बाटलीत सुमारे 80 ग्रॅम. शिवाय स्फुरद लागतो पेरणीच्या वेळी, मुळाजवळ, तेव्हा फवारायला पानच नसतं. बीजप्रक्रियेनं रोपाची सुरुवात बरी होईल, पण आपल्या चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीत स्फुरद जखडला जातो ही मूळ अडचण तशीच राहते. आणि परभणीच्या खरिपात आता सोयाबीन एवढं पसरलं आहे, की इथला खरा प्रश्न युरियापेक्षा डीएपीचा आहे. सोयाबीन आपलं बरंचसं नत्र मुळांवरच्या गाठींतून स्वतः मिळवतं.

मग नॅनोचं खतांमध्ये काम नाही का? आहे, आणि ते सांगणं मला टीकेइतकंच महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्याच्या जमिनींत जस्त आणि लोहाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते. जस्त पिकाला किलोंनी लागत नाही, ग्रॅमांनी लागतं. जमिनीतून दिलेलं झिंक सल्फेट मात्र विम्ल मातीत बरंचसं अडकून पडतं. जिथं गरजच थोडी आहे, तिथं लहान कण पानातून देण्याचा हिशेब जुळू शकतो. नत्राच्या बाबतीतही वेगळी वाट आहे: श्रीलंकेत नीलवाला कोट्टेगोडा आणि सहकाऱ्यांनी 2017मध्ये युरियाला खनिजाच्या नॅनो कणांशी जोडून तो हळूहळू सुटेल असं केलं, आणि भातात निम्म्या नत्रावर उत्पादन टिकवलं. तिथं नत्र किलोंनीच दिलं जातं; वाचतं ते वाया जाणारं. दोन्ही ठिकाणी ‘नॅनो’ हाच शिक्का आहे, आणि एकावरून दुसऱ्याची पारख होत नाही. संग्रहातल्या कृषिविषयक लेखांचा सर्वांत उपयोगी भाग हा निवाडा करण्याचा आहे.

लुधियानाचा निष्कर्ष उचलून परभणीला लावणंही चुकीचंच. तिथं भात-गहू, खात्रीचं पाणी. इथं कापूस, तूर, सोयाबीन, रब्बी ज्वारी, आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं किंवा येलदरीचं पाणी मिळालं तर मिळालं. म्हणून इथल्या मातीत, इथल्या पावसात, किमान तीन खरीप चाललेले प्रयोग हवेत आणि त्यांचे आकडे, चांगले असोत वा वाईट, गावात लावले गेले पाहिजेत. आज फवारणीचं तंत्र या प्रयोगांच्याही पुढे धावतं आहे. परभणीच्या याच विद्यापीठात, आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, ड्रोन आणि यंत्रमानवांच्या डिजिटल शेतीचा मोठा प्रकल्प झाला; नोव्हेंबर 2023मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून देशभर 15 हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. एकरी दहा लिटर पाण्यात ड्रोन जे काम करतो, त्याला द्रवरूप, तीव्र निविष्ठा सोयीच्या पडतात. म्हणजे ड्रोनमुळे नॅनोची मागणी वाढेल आणि नॅनोमुळे ड्रोनची. हा वेग बाजाराच्या रचनेतून येतो. पीक त्याला कारण नाही.

इथं फवारणाऱ्याचा विचार कुणी करायचा? 2017मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन मजुरांचे जीव गेले, तेव्हा साधी कीटकनाशकंच होती. नॅनो कीटकनाशकं आली तर बारीक कण श्वासातून, त्वचेतून किती आत जातात हे आधी तपासलं गेलं पाहिजे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं जुलै 2020मध्ये नॅनो कृषी निविष्ठा आणि खाद्यपदार्थांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती तालुक्याच्या कृषी कार्यालयात मराठीतून, भिंतीवर हवीत. पाठीवर पंप घेणारा बहुधा मालक नसतो. रोजानं आलेला असतो.

शेतीबाहेर पाहिलं तर वेगाचं चित्र अगदी उलटं दिसतं. ज्या नॅनोनं परभणीकराचं आयुष्य खरोखर बदललं, तिच्यावर नॅनो असं लिहिलेलंच नव्हतं. खिशातल्या मोबाइलची चिप याच मापावर घडते. गावोगाव वीस लिटरच्या जारमधून विकलं जाणारं आरओचं पाणी ज्या पडद्यातून गाळलं जातं, त्याचा काम करणारा थर नॅनोमीटरांत मोजतात. करोनाच्या एमआरएनए लशी चरबीच्या नॅनो कणांतून शरीरात जातात. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनं देशातली पहिली एमआरएनए लस बनवली आणि तिला जून 2022मध्ये मान्यता मिळाली. या गोष्टी समाजात मुरल्या, कारण प्रत्येकीमागं दशकांची संथ तपासणी आणि सुधारणा होती. ड्रेक्सलर यांना अपेक्षित असलेली क्रांती आली नाही. साधं पदार्थशास्त्र मात्र घरात शिरलं.

या संग्रहाची मांडणी यातून ठरली. पहिल्या भागात शास्त्राची मुळाक्षरं आहेत, दहावीच्या विज्ञानावर समजतील अशी. मधला भाग वादाचा आहे, आणि त्यात संपादकांनी एकमेकांना न पटणारे लेख शेजारी शेजारी ठेवले आहेत. इथं व्यक्त झालेलं माझं मत त्यांतल्या काहींना मान्य नाही, हे वाचकाला लगेच कळेल. नॅनो खतांचा पुरस्कार करणारा लेख मी काळजीपूर्वक वाचला. वाहतूक, साठवण आणि अनुदानाचा भार यांबद्दलचे त्यातले मुद्दे वजनदार आहेत. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते तेव्हा तिची उरलेली किंमत देशाच्या तिजोरीतून जाते, हे डोळ्याआड करून चालणार नाही. शेवटच्या भागात जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालम अशा तालुक्यांतल्या शेतकऱ्यांचे अनुभव आहेत. ते पुरावा म्हणून वाचायचे नाहीत, कारण शेजारी बिनफवारणीचा पट्टा ठेवलेला बहुतेकांकडे नव्हता. कोणता पुरावा गोळा करायला हवा, हे मात्र त्यांतून नेमकं कळतं.

वैद्यकातले नॅनो कण, कर्करोगावरचे उपचार, आयुर्वेदातल्या भस्मांबद्दलचे दावे हे विषय संपादकांनी मुद्दाम बाहेर ठेवले. भस्मांमध्ये अतिसूक्ष्म कण आढळतात म्हणून प्राचीनांना हे शास्त्र अवगत होतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या चर्चेला स्वतंत्र ग्रंथ हवा, आणि तो रसायनशास्त्र आणि रसशास्त्र दोन्ही जाणणाऱ्यानं लिहायला हवा.

परिशिष्टात एक कोरा तक्ता दिला आहे: अर्ध्या एकराचे दोन पट्टे, एकावर शिफारशीची पूर्ण खतमात्रा, दुसऱ्यावर मात्रा कमी करून नॅनो फवारणी, पेरणीची तारीख, पाऊस, खर्च आणि दोन्हीकडचं वजन करून घेतलेलं उत्पादन. माती परीक्षणाचा अहवाल त्याला जोडायचा आहे. येत्या खरिपात गावातल्या पाच-सात जणांनी मिळून तो भरावा आणि कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्यावा, अशी संपादकांची विनंती आहे. पुढची आवृत्ती ते त्या तक्त्यांवर उभी करणार आहेत.